ल्युपस, वय ३४ आणि "वयाच्या मानाने ठीक" असलेलं हृदय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय ३४, ल्युपस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते तो आजार, होऊन ९ वर्षं झाली. मध्यंतरी तो किडनीवर उतरला होता, आता तिकडे शांत आहे, पण लघवीतून थोडं प्रोटीन अजून जातं. प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टिरॉइड, रोज १० मिलिग्रॅम, तीन वर्षांपासून तेवढीच. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, म्हणजे एचसीक्यू, २०० मिलिग्रॅम, आणि तीही डोळे जातील या धास्तीने आठवड्यातून दोनदा चुकवता. वजन ५८ किलो, बीपी १३४/८६, एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १३८. यावर तुम्हाला "वयाच्या मानाने ठीक आहे" असं सांगण्यात आलं. मग कुठेतरी वाचलंत की ल्युपस असलेल्या बायकांना हार्ट अटॅकचा धोका ५० पट असतो, आणि झोप उडाली. ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करावी का, असं तुम्ही विचारलंय. शेवटी जाता जाता एक ओळ लिहिलीय: "हल्ली आडवं पडलं की छातीत टोचतं, उठून बसलं की बरं वाटतं; आणि मला व्यायाम परत सुरू करायचाय."

मी त्या जाता जाता लिहिलेल्या ओळीपासूनच सुरुवात करते. वीसेक वर्षं ल्युपसचे पेशंट बघतेय. सगळं बोलून झाल्यावर, फाइल मिटून, दाराशी थबकून "हां, आणि एक सांगायचं राहिलं" म्हणून जे बाहेर पडतं, त्याने माझा दिवसाचा बेत कितीतरी वेळा बदललाय.

आडवं पडल्यावर वाढणारं, खोल श्वास घेतला की टोचणारं आणि पुढे वाकून बसलं की हलकं होणारं दुखणं हे हृदयाच्या आवरणाला सूज आल्याचं अगदी ठरावीक वर्णन आहे. हृदयाभोवती पातळ, दुपदरी पिशवी असते. ती सुजली की पदर एकमेकांवर घासतात. ल्युपस हृदयाला ज्या ज्या तऱ्हांनी त्रास देतो त्यांत ही सगळ्यात जास्त आढळणारी. २०१९ सालच्या वर्गीकरणाच्या निकषांत एखाद्याला ल्युपस म्हणायला १० गुण लागतात, त्यातले ६ या एकट्या सुजेला आहेत. तपासताना मी पेशंटला पुढे वाकायला लावते, श्वास सोडून तसाच रोखायला सांगते आणि स्टेथोस्कोप छातीच्या हाडाच्या डाव्या कडेला दाबून धरते. नवी कोरी चप्पल चालताना करकरते तसा आवाज येतो. आज येतो, उद्या येत नाही, म्हणून एकदा आला नाही तर "काही नाही" म्हणून सोडून देता येत नाही.

तुम्हाला हेच झालंय असं मी इथून म्हणणार नाही. फुप्फुसाच्या आवरणाची सूज, ॲसिडिटी, बरगडीच्या सांध्याची सूज, फुप्फुसात अडकलेली गुठळी, हे सगळं छातीत टोचू शकतं. म्हणून पुढच्या महिन्याच्या अपॉइंटमेंटपर्यंत थांबू नका. उद्या-परवाच तपासून घ्या: ईसीजी, इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि दोन रक्तचाचण्या, हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते सांगणारी ट्रोपोनिन आणि शरीरातला दाह दाखवणारी सीआरपी. इको हवाच, कारण पिशवीत पाणी साचून हृदयावर दाब येतोय का ते त्यात दिसतं. सीआरपीबद्दल एक गंमत सांगते. ल्युपस उसळला तरी सीआरपी बहुधा फारसा वाढत नाही. तो चांगलाच वाढलेला दिसला तर डॉक्टरच्या मनात दोनच गोष्टी आधी येतात, जंतुसंसर्ग किंवा अशी आवरणाची सूज. आणि तोवर घरात पडलेल्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका. तुमच्या किडनीला त्या परवडणाऱ्या नाहीत.

दुखणं टोचरं नसून दाबल्यासारखं असेल, जिना चढताना येऊन थांबल्यावर जात असेल, जबड्यात, पाठीत, हातात उतरत असेल, सोबत धाप, घाम, मळमळ असेल, तर उद्याचीही वाट पाहू नका. थेट इमर्जन्सीत जा आणि दारातच सांगा, "मला ल्युपस आहे आणि मी स्टिरॉइडवर आहे." तिशी-पस्तिशीच्या बाईची छाती दुखली की बघणाऱ्याच्या डोक्यात हृदय शेवटी येतं. या एका वाक्याने ते वर सरकतं.

आता ते ५० पट. आकडा खोटा नाही. १९९७ साली पिट्सबर्गच्या संशोधकांनी ल्युपस असलेल्या ४९८ बायकांची तुलना फ्रेमिंगहॅम या अमेरिकेतल्या गावात झालेल्या हृदयरोगाच्या प्रसिद्ध अभ्यासातल्या बायकांशी केली, आणि ३५ ते ४४ या वयोगटात हार्ट अटॅकचं प्रमाण ५० पटींहून जास्त निघालं. पण कशाच्या ५० पट? त्या वयातल्या निरोगी बाईला अटॅक येणं इतकं विरळ असतं की भागायची संख्याच चिमुकली, मग भागाकार फुगणारच. त्याच ४९८ जणींत ल्युपसच्या निदानानंतर पहिल्यांदा अटॅक किंवा अंजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं, झालेल्या ३३ होत्या. तेहतीस काही थोड्या नाहीत, त्यातल्या दोन-तृतीयांश पंचावन्नच्या आतल्या होत्या हे तर जास्तच खुपणारं. तरी "५० पट" ऐकल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जे उभं राहिलं ते हे नव्हे. पुढे बाल्टिमोरच्या १,८७४ पेशंटांच्या गटात सगळ्या वयांचा आणि अटॅक, अर्धांगवायू अशा सगळ्या घटनांचा मिळून हिशेब केला तेव्हा धोका २.६६ पट निघाला. दोन्ही आकडे खरे आहेत, पहिला एका वयोगटातल्या एका घटनेचा आणि दुसरा सरसकट सगळ्यांचा.

मला मात्र तिसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. २००१ मध्ये माँट्रियालच्या अभ्यासकांनी नेहमीचे सगळे दोषी, म्हणजे वय, बीपी, कोलेस्टेरॉल, साखर, सिगारेट, हिशेबातून वजा केले आणि मग पाहिलं. तरी जिवावर न बेतलेल्या अटॅकचा धोका साधारण १० पट उरलाच. म्हणजे तुमचे सगळे रिपोर्ट "नॉर्मल" असले तरी ल्युपस स्वतःचं वजन त्या तराजूत टाकतोच. "वयाच्या मानाने ठीक" हे वाक्य इथे चुकतं. तुमच्या डॉक्टरांनी जी मोजपट्टी लावली ती ल्युपस नसलेल्या माणसासाठी बनवलेली आहे. जुन्या जोखीम-गणकांत ल्युपसचा रकानाच नाही. २०१७ मध्ये आलेल्या ब्रिटनच्या क्यूरिस्क३ मध्ये ल्युपस आणि स्टिरॉइड असे दोन्ही रकाने आहेत, पण तो तिथल्या लोकसंख्येवर बेतलेला आहे आणि दहा वर्षांपुढचं सांगत नाही. चौतिसाव्या वर्षी दहा वर्षांचा धोका कमीच दिसणार. आपल्याला तर पुढच्या चाळीस वर्षांचं बघायचंय.

हे सगळं नवं आहे असंही नाही. १९७६ मध्ये टोरंटोच्या डॉ. मरे उरोविट्झ यांनी आपल्या ८१ पेशंटांचा मागोवा घेतला. त्यातले ११ दगावले होते. पहिल्या वर्षात गेलेले ल्युपसच्या भडक्याने आणि जंतुसंसर्गाने गेले होते. बऱ्याच वर्षांनी गेलेल्यांचा ल्युपस बहुतेक शांत होता, आणि त्यांच्या हृदयाच्या धमन्या चोंदलेल्या होत्या. आम्ही आजही तीच दोन टोकं सांभाळत असतो. सुरुवातीला स्टिरॉइडने जीव वाचवायचा, आणि मग त्याच स्टिरॉइडपासून धमन्या वाचवायच्या.

धमनीत होतं काय? नुसतं "चरबी साचते" म्हणून भागत नाही. धमनीच्या आत पेशींचं एक गुळगुळीत अस्तर असतं, ते रोज थोडं झिजतं आणि रोज दुरुस्त होतं. ल्युपसमध्ये इंटरफेरॉन नावाचा प्रतिकारशक्तीचा निरोप्या सतत जागा असतो, आणि तो दुरुस्ती करणाऱ्या पेशींनाच निकामी करतो. झीज चालू, डागडुजी बंद. त्यात एचडीएल, ज्याला आपण चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतो, ते दाह चालू असताना आपलं काम सोडून उलट बाजूला मिळतं, त्यामुळे रिपोर्टवर एचडीएल ५० दिसलं तरी ते ५० चं काम करतंयच असं नाही. किडनीवर ल्युपस आलेला असेल तर बीपी चढतं, प्रोटीन गेल्यामुळे लिव्हर जास्त कोलेस्टेरॉल बनवू लागतं. या सगळ्यावर स्टिरॉइडने वाढलेलं वजन, साखर आणि बीपी.

यातून मी जे मानते ते एका वाक्यात: ल्युपस असताना हृदयाचं सगळ्यात मोठं औषध म्हणजे कमीत कमी स्टिरॉइडवर शांत राहिलेला ल्युपस. ॲस्पिरिन आणि स्टॅटिन, म्हणजे तुम्ही विचारलेली कोलेस्टेरॉलची गोळी, त्याच्या मागून येतात, काहींना लागतात, काहींना नाही. तुम्ही विचारलेल्या दोन गोळ्यांआधी तुम्ही आत्ता घेताय त्या दोन गोळ्यांकडे बघू या.

पहिली, प्रेडनिसोलोन. बाल्टिमोरच्या त्याच अभ्यासात दिसलं की रोज १० ते १९ मिलिग्रॅम घेणाऱ्यांना हृदय-मेंदूच्या घटनांचा धोका न घेणाऱ्यांच्या साधारण २.४ पट होता आणि २० किंवा त्याहून जास्त घेणाऱ्यांना ५ पट. हे आजार किती उसळलेला आहे तो हिशेब धरूनसुद्धा. दिलासा देणारी गोष्ट त्याच अभ्यासात आहे: पूर्वी कितीही घेतलेलं असो, आत्ता स्टिरॉइड चालू नसेल तर तो जुना साठा धोका वाढवताना दिसला नाही. माझ्याकडे येणाऱ्या बायका "माझं शरीर तर आधीच बिघडलंय" म्हणून हात टेकतात, त्यांना मी हेच सांगते. २०२३ च्या युरोपीय शिफारशींत रोजचा कायमचा डोस ५ मिलिग्रॅमपर्यंत किंवा त्याखाली आणावा आणि जमेल तेव्हा थांबवावा असं आहे. तुम्ही तीन वर्षं १० वर आहात. का? आजार दरवेळी डोकं वर काढतो म्हणून, की एकदा लिहिलं ते पुढच्या प्रत्येक प्रिस्क्रिप्शनवर उतरत गेलं म्हणून? दुसरं कारण मी फार वेळा पाहिलंय. पहिलं कारण असेल तर सोबतीला ॲझाथायोप्रिन, मायकोफेनोलेट, बेलिमुमॅब यांसारखं प्रतिकारशक्तीला आवर घालणारं काही हवं का, हा प्रश्न तुमच्या डॉक्टरांना विचारायचाय. यातलं मायकोफेनोलेट गरोदरपणात चालत नाही, तेही त्याच वेळी बोलून घ्या.

एक मात्र कळकळीने: हे वाचून उद्या गोळी अर्धी करू नका. तीन वर्षं बाहेरून स्टिरॉइड मिळाल्यावर शरीराची स्वतःची ग्रंथी झोपलेली असते, ती हळूहळू जागी व्हावी लागते. मी १० वरून खाली येताना दर महिन्याला एक मिलिग्रॅम, कधी त्याहूनही सावकाश येते. तुमच्या छातीतली सूज खरी निघाली तर आत्ता काही आठवडे डोस उलट वाढवावाही लागेल, त्याने खचून जाऊ नका. शून्यावर येणं सगळ्यांना जमतंच असंही नाही. २०२० मध्ये आलेल्या एका फ्रेंच चाचणीत वर्षभर शांत असलेल्या १२४ पेशंटांपैकी निम्म्यांचं ५ मिलिग्रॅम एकदम थांबवलं, तर त्यांच्यातल्या २७ टक्क्यांचा आजार परत उसळला. चालू ठेवलेल्यांत ते प्रमाण ७ टक्के होतं.

दुसरी गोळी, एचसीक्यू, जी तुम्ही चुकवता. ल्युपसमध्ये इतक्या बाजूंनी कामी येणारं दुसरं औषध माझ्याकडे नाही. आजार उसळू देत नाही, त्यामुळे स्टिरॉइड कमी करता येतं. गुठळ्यांचं प्रमाण घटतं, साखर आणि एलडीएल थोडं खाली राहतं. डोळ्यांची भीती निराधार नाही, पण तिचं माप बघा. रोजचा डोस वजनाच्या दर किलोला ५ मिलिग्रॅमच्या आत ठेवला तर पहिल्या ५ वर्षांत डोळ्याच्या पडद्याला इजा होण्याचा धोका १ टक्क्याहून कमी, १० वर्षांपर्यंत २ टक्क्यांहून कमी. वीस वर्षांनंतर मात्र तो २० टक्क्यांच्या आसपास जातो, आणि किडनी कमजोर असेल तर लवकर. म्हणून सुरुवातीला एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी डोळ्यांची तपासणी, त्यात पडद्याचं ओसीटी स्कॅन आणि दृष्टिक्षेत्राची चाचणी. नुसता चष्म्याचा नंबर काढून उपयोग नाही. तुमच्या ५८ किलोला २९० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. तुम्ही २०० लिहून घेता आणि आठवड्यातून दोनदा टाळता, म्हणजे पोटात जातं सरासरी १४०-१५०. एवढ्यात डोळ्यांची काळजी चालूच राहते आणि औषध धड कामही करत नाही. डोस वाढवायचा का हे तुमच्या किडनीच्या रिपोर्टवर ठरेल, पण चुकवणं आजपासून बंद करा. सिगारेट ओढत असाल तर तीही, ती हृदयाला वाईट आहेच, शिवाय एचसीक्यूचा परिणाम घटवते.

आता बीपी. इथे मला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. सदतीस वर्षांची एक पेशंट, ल्युपस अकरा वर्षांचा, शहाणी, एक अपॉइंटमेंट न चुकवणारी. एकदा जिना चढताना तिचा जबडा दुखला म्हणून ती रात्री एका रुग्णालयात गेली. एक ईसीजी काढला, तो बरा दिसला, ॲसिडिटीची गोळी देऊन घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी परत गेली तेव्हा ट्रोपोनिन वाढलेलं होतं आणि धमनीत स्टेंट घालावा लागला. ती वाचली, आजही येते. त्या रुग्णालयावर मी चिडले होते, आणि त्या चिडीतच तिची माझ्याकडची जुनी फाइल उघडली. दोन वर्षांत पाच नोंदी: १३६/८८, १३४/८४, १३८/८८, १३२/८६, १३८/९०. प्रत्येकीसमोर माझ्याच अक्षरात, "किंचित जास्त, पुढच्या वेळी पाहू." सांधे, लघवी, रक्तपेशी, सगळं मी काटेकोर पाहिलं होतं. बीपी फिजिशियन बघेल असं मी धरून चालले, आणि फिजिशियनला वाटलं ल्युपसवाल्या डॉक्टर बघतायत.

त्यानंतर २०२० मध्ये टोरंटोच्या १,५३२ पेशंटांचा अभ्यास आला आणि माझी ती फाइल आठवली. दोन वर्षांच्या सरासरी बीपीवरून त्यांनी तीन गट केले. १३०/८० च्या खाली असलेल्यांत दर हजार व्यक्ति-वर्षांमागे, म्हणजे हजार जणांना वर्षभर पाहिलं तर, धमनीविकाराच्या ४.५ घटना. १४०/९० च्या वर १८.९. आणि मधल्या, १३०-१३९/८०-८९ वाल्यांत, ज्यांना आपण "किंचित जास्त" म्हणतो, ११.५. तुमचं १३४/८६ नेमकं त्या मधल्या गटात बसतं.

पण एका मोजणीवर औषध सुरू करू नका. घरचं, दंडावर बांधायचं यंत्र घ्या. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीवर, न बोलता बसा. सकाळी गोळ्यांआधी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा, असं सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. दंड जाड असेल तर पट्टा मोठा हवा, लहान पट्टा आकडा फुगवून दाखवतो. सरासरी १३०/८० च्या वर राहिली तर, लघवीतून प्रोटीन जातंय म्हणून, बहुधा रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टन या जातीतलं औषध निवडलं जाईल, कारण ते प्रोटीनची गळतीही कमी करतं. ही औषधं गरोदरपणात बाळाला घातक ठरतात. मूल हवं असेल, किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल, तर प्रिस्क्रिप्शन लिहिलं जाण्याआधी सांगा.

इथवर आलात तर काय करायचं ते असं जमतं: छातीचं आधी तपासून घ्यायचं, एचसीक्यू रोज घ्यायची, स्टिरॉइड का आणि किती हे विचारायचं, बीपी आठवडाभर मोजायचं. हे झालं की मग तुमच्या दोन गोळ्यांवर बोलणं अर्थाचं.

ॲस्पिरिन. ल्युपस आहे एवढ्यावर मी कुणालाच देत नाही, आधी तीन रक्तचाचण्या पाहते: ल्युपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि अँटी-बीटा२ ग्लायकोप्रोटीन. पहिल्या नावाने गोंधळू नका, ते रक्त पातळ करत नाही, उलट गुठळ्या करतं. ल्युपसच्या दर तीन पेशंटांत साधारण एकीला यातलं काहीतरी असतं. सकारात्मक आली तर किमान १२ आठवड्यांनी परत करायची, कारण साध्या संसर्गानेही ती काही काळ उगवते. ल्युपस अँटिकोॲग्युलंट पक्कं असेल, किंवा दोन-तीन चाचण्या एकत्र आणि कायम सकारात्मक असतील, तर कमी मात्रेतलं ॲस्पिरिन, ७५ ते १००, घेण्याला अर्थ आहे, मग गुठळी आधी झालेली नसली तरी. आणि मग इस्ट्रोजन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या वर्ज्य. तिन्ही नकारात्मक असतील आणि हृदयाचा आधीचा इतिहास नसेल, तर स्टिरॉइडसोबत ॲस्पिरिन म्हणजे पोटातल्या रक्तस्रावाचा धोका विकत घेणं, आणि बदल्यात मिळणारा फायदा धूसर. नऊ वर्षांत या चाचण्या तुमच्या झाल्या असतीलच. जुन्या फाइलमध्ये शोधा. प्रश्नात तुम्ही त्यांचा उल्लेखच केलेला नाही, आणि निर्णय बराचसा तिथेच अडलाय. एक सावधगिरी: आवरणाची सूज निघाली तर त्या उपचारात ॲस्पिरिन किंवा त्या जातीच्या गोळ्या वेगळ्या, मोठ्या डोसने वापरतात. ते प्रकरण निराळं, दोन्हींची गल्लत करू नका.

स्टॅटिन. याबद्दल आम्हा मंडळींना एकेकाळी फार आशा होती. स्टॅटिन दाहही कमी करतं, तर ल्युपसच्या सगळ्यांनाच द्यावं की काय? चाचणी झाली. बाल्टिमोरला २०० पेशंटांना दोन वर्षं ॲटोर्व्हास्टॅटिन ४० मिलिग्रॅम किंवा नकली गोळी दिली. हृदयाच्या धमन्यांतलं कॅल्शियम दोन्हीकडे सारखंच वाढलं. मुलांमधल्या तशाच मोठ्या चाचणीनेही ठोस फायदा दाखवला नाही. म्हणून "ल्युपस आहे, घ्या स्टॅटिन" हे मी करत नाही. पण एलडीएल खरोखर जास्त असेल, धमनीत थर दिसत असेल, किडनी किंवा साखरेचा प्रश्न असेल, तर इतर कुणाला देईन तशीच देते, मागेपुढे पाहत नाही. तुमचं १३८ काठावर आहे. त्याआधी दोन गोष्टी तपासा. प्रोटीन किती जातंय ते, कारण गळती थांबली की कोलेस्टेरॉल आपोआप उतरतं. आणि थायरॉइड, जे ल्युपससोबत बिघडलेलं पुष्कळदा सापडतं. स्टिरॉइड खाली आल्यावर तीन-चार महिन्यांनी परत मोजा. मूल हवं असेल तर स्टॅटिनही त्या काळात बाजूला ठेवावी लागते.

काही वेळा निर्णय खरंच अडतो, तेव्हा मी मानेच्या धमन्यांची सोनोग्राफी करून घेते. सुई नाही, किरण नाहीत. २००३ मधल्या एका अभ्यासात १९७ ल्युपस पेशंटांपैकी ३७ टक्क्यांना मानेत थर सापडला, तेवढ्याच निरोगी लोकांत १५ टक्क्यांना. चौतिसाव्या वर्षी थर दिसला तर माझा "बघू" संपतो. हृदयाच्या सीटीवरचा कॅल्शियमचा आकडा मात्र तरुण वयात फसवतो. कोवळ्या थरात कॅल्शियम अजून साचलेलं नसतं, त्यामुळे शून्य आला म्हणजे धमनी कोरी असं नाही.

राहिला व्यायाम. ल्युपसमध्ये व्यायामाने आजार चाळवत नाही, थकवा उलट कमी होतो, आणि धमनीच्या अस्तराला त्याचा फायदा मिळतो. एरवी मी म्हटलं असतं, आजच सुरू करा. पण छातीचं ते टोचणं आवरणाच्या सुजेचं निघालं तर दुखणं पूर्ण थांबून सीआरपी, ईसीजी आणि इको नॉर्मल होईपर्यंत दम लागेल असं काही करायचं नाही, घरातल्या घरात हिंडणं-फिरणं पुरे. याला काही आठवडे लागतात. मग दहा मिनिटं सपाट रस्त्यावर, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने. दुसऱ्या दिवशी सकाळी सांधे नेहमीपेक्षा जास्त आखडले नाहीत तर आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवा. ऊन चढायच्या आत किंवा उतरल्यावर, ते तुम्हाला सांगायला नको.

इकोत पाणी निघालं की नाही आणि त्या तीन चाचण्यांचं काय आलं, ते कळवा. ॲस्पिरिनचं नक्की उत्तर तेव्हाच देता येईल.